‘मोर विल फॉलो’ आणि मोऱ्यांची लेक

पत्र थोडक्यात असं: बडोद्याच्या मांजलपूर भागातून एका २८ वर्षांच्या वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. नाव-पत्ता मागे ठेवला आहे. आडनाव मात्र सांगावंच लागेल, कारण प्रश्न त्याचाच आहे. आडनाव मोरे. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि परदेशी ग्राहकांशी तिचा रोजचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. स्पेलिंग एम-ओ-आर-ई, म्हणजे इंग्रजीत ‘आणखी’ या अर्थाचा जो ‘मोर’ शब्द आहे तोच. मीटिंगमध्ये कुणी ‘नो मोर’, ‘वन मोर’ म्हणून हसतं. ग्राहकांचे ईमेल ‘हाय मोर’ असे सुरू होतात. मागच्या महिन्यात तिच्या मॅनेजरने एका ग्राहकाला लिहिलं, ‘पहिला भाग पाठवला आहे. मोर विल फॉलो.’ त्याला म्हणायचं होतं, पुढचं मोरे बघेल. ग्राहकाने अर्थ घेतला, उरलेलं मागाहून येईल. तो तीन दिवस वाट बघत बसला आणि तक्रार आली ती हिच्या नावावर.

आता तिला पासपोर्ट काढायचा आहे. त्याआधीच स्पेलिंग बदलून घ्यावं असं तिच्या मनात आहे. आजोबांच्या १९४६ सालच्या शाळेच्या दाखल्यावर तिला एम-ओ-आर-ए-वाय असं स्पेलिंग सापडलं आहे, तेच घ्यावं असं वाटतं. शेवटी ई-वाय, किंवा शेवटच्या ‘ई’वर तिरपी खूण, हे आणखी दोन पर्यायही तिने लिहिले आहेत. वडील म्हणतात, ‘साहेबाच्या सोयीसाठी आडनाव मोडायचं नाही.’ आई म्हणते, ‘लग्न झालं की बदलणारच आहे, कशाला तो खटाटोप?’ त्यातच धाकट्या भावाने नव्या फ्लॅटसाठी इंग्रजी पाटी करायला टाकली आहे. त्यावर ‘द’, मग आडनाव, मग अपॉस्ट्रॉफी आणि एस. तीही तिला खटकते आहे. ‘ताई, यात माझंच काही चुकतंय का?’ असं तिने शेवटी विचारलं आहे.

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुझं काही चुकत नाही. दिवसातून दहा वेळा आपलं नाव वाकडं कानावर येत असेल तर ते सरळ करावंसं वाटणारच. मला वाटलं होतं. माझं माहेरचं आडनाव दाते, इंग्रजीत डी-ए-टी-ई. मी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच शाळेत हजेरीपटावर माझं नाव होतं ते असं: एस, टिंब, आणि पुढे ही चार अक्षरं. कारकून नवा होता. त्याने ते ‘डेट’ असं वाचलं, कुणीतरी चुकीच्या रकान्यात हा शब्द लिहिला आहे असं समजून त्यावर रेघ मारली आणि शेजारी सुबक अक्षरात त्या दिवशीची तारीख घातली. निळ्या शाईची ती रेघ मला अजून दिसते. मी घरी जाऊन आईला म्हटलं, मी स्पेलिंग बदलते. आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, ‘तिथे मिस लिहिलं होतंस का?’ नव्हतं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी ‘मिस’ लिहिलं, आणि त्या शाळेतल्या उरलेल्या सगळ्या वर्षांत माझ्या नावावर पुन्हा रेघ आली नाही.

म्हणून तुझं पत्र वाचताना माझी नजर स्पेलिंगच्या आधी त्या वाक्यावर गेली. ‘मोर विल फॉलो.’ हे वाक्य मॅनेजरने लिहिलं, तू नाही. इंग्रजीत ते तीन शब्द गेली कित्येक वर्षं एकाच अर्थाने वापरले जातात: बाकीचं नंतर पाठवतो. कुणाही इंग्रजी वाचणाऱ्याने तोच अर्थ घेतला असता. कॅपिटल अक्षराचा आधार असतो म्हणावं, तर वाक्याच्या सुरुवातीला तोही नाही, कारण तिथे प्रत्येक शब्दाला कॅपिटल असतंच. त्याने ‘मिझ मोरे विल सेंड द सेकंड पार्ट’ असं लिहिलं असतं (मिझ म्हणजे एम-एस, लग्न झालंय की नाही हे न सांगणारं बाईचं संबोधन) तर त्याच चार अक्षरांनी काहीही बिघडलं नसतं. तुझं पहिलं नाव आधी घातलं असतं तरी चाललं असतं. आडनाव वाक्याच्या मधोमध नेलं असतं, ‘फॉर द सेकंड पार्ट, प्लीज राइट टू मिझ मोरे’, तर सगळ्यात उत्तम. तक्रार तुझ्यावर आली ती त्या वाक्यामुळे, आणि ते वाक्य कुणाचं होतं हे तू मॅनेजरला शांतपणे, लेखी दाखवून दिलं पाहिजेस, असं मला वाटतं. हे पासपोर्टच्या आधी कर.

आता थोडं खोलात जाऊ, कारण हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. काळे, माने, साने, गोरे, मुळे, दाते ही सगळी आडनावं रोमन अक्षरांत लिहिली की इंग्रजीतले तयार शब्द होतात. कुणाची भाजी होते, कुणाची आयाळ, कुणाचं खेचर. कारण सरळ आहे. आपल्या आडनावांच्या शेवटी ‘ए’ येतो, तो आपण ‘ई’ या अक्षराने दाखवतो, आणि इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा ‘ई’ बहुतेक वेळा मुका असतो. रानडे, लिमये, आपटे यांना हा त्रास होत नाही, कारण त्या अक्षरांचा इंग्रजीत कुठला शब्दच नाही. वाचणारा अडखळतो आणि विचारतो. तुझ्या आडनावापाशी तो अडखळत नाही, हीच अडचण आहे.

मराठीत हा गोंधळ का होत नाही, हे कधी मनात आलंय? ‘काळे आले’ आणि ‘काळे ढग आले’ यांत आपण कधीच घोटाळत नाही, आणि आपल्याकडे तर कॅपिटल अक्षरही नाही. कारण मराठीत आडनाव मोडतं, वळतं, वाक्यात मिसळून जातं. मोऱ्यांकडे जाऊन ये. मोऱ्यांची लेक. चंद्रराव मोऱ्यांची जावळी. त्या ‘ऱ्यां’मध्ये माणूस आहे, घर आहे आणि आदरही आहे. (हल्ली सर्रास ‘मोरेंकडे’, ‘गोखलेंचा’ असं ऐकू येतं. मला ते अजून रुचत नाही. मोऱ्यांकडे, गोखल्यांचा, असंच म्हणावं असं माझं आग्रहाचं मत आहे. पण तो आजचा विषय नाही.) इंग्रजीत आडनाव ताठ उभं राहतं. त्याला लागून येतं ते फक्त एक ‘एस’, कधी अपॉस्ट्रॉफीसह, कधी तिच्याशिवाय. म्हणून मराठीत जे काम प्रत्यय करतात ते इंग्रजीत आजूबाजूच्या शब्दांना करावं लागतं. मिस्टर, मिझ, पहिलं नाव, ‘द’, वाक्यातली जागा. हे शब्द काढून घेतले की आडनाव उघडं पडतं, मग ते कुणाचंही असो.

हो, कुणाचंही, कारण इंग्रजांची स्वतःची आडनावं तरी कुठे वेगळी आहेत? ब्रिटनला १९९० ते १९९७ मेजर आडनावाचे पंतप्रधान होते, २००७ ते २०१० ब्राऊन होते आणि २०१६ ते २०१९ मे आडनावाच्या पंतप्रधान होत्या. ‘मे’ तर महिनाही आहे आणि इंग्रजीतलं रोजचं क्रियापदही. तिथल्या वर्तमानपत्रांनी ती तीन वर्षं निभावली, ते वाक्यं नीट रचून. आणि तुझ्याच चार अक्षरांचं आडनाव इंग्लंडच्या इतिहासात फार मोठं आहे. आठव्या हेन्रीचा चॅन्सलर सर टॉमस मोर, ज्याचा १५३५ मध्ये शिरच्छेद झाला. त्याच्यावर पाचशे वर्षं इंग्रजीत लिहिलं जातंय. ‘मोर रिफ्यूज्ड’ असं वाक्य आलं तर तिथला वाचक ते बरोबर समजतो, कारण आधीच्या वाक्यात तो माणूस पूर्ण नावानिशी भेटलेला असतो. पहिल्यांदा पूर्ण नाव, मग आडनाव, ही त्यांची रीत आहे. आपल्याकडच्या ऑफिसांत आडनाव उचललं जातं, रीत मात्र मागे राहते.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर आपल्याच बडोद्याचे किरण मोरे बघ. १९८६ ते १९९३ या काळात ते ४९ कसोटी सामने खेळले. १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध एका कसोटीत त्यांनी ६ जणांना यष्टिचीत केलं, तो विक्रम होता. इंग्रजी धावफलकांत त्यांचं आडनाव याच चार अक्षरांत छापलं गेलं, वाचणाऱ्याला कधी अडचण आली नाही, कारण धावफलकात त्या जागी माणसाचंच नाव असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि पां. वा. काणे? धर्मशास्त्रावरचा त्यांचा प्रचंड इंग्रजी ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत वापरला जातो, १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, आणि आडनावाचं स्पेलिंग के-ए-एन-ई, जे नवखा परदेशी वाचक ‘केन’ असंच वाचेल. ते त्यांनी तसंच राहू दिलं.

आता तू सुचवलेल्या स्पेलिंगांकडे येऊ. इथे मला तुला जरा थांबवायचं आहे, कारण नवं स्पेलिंग घेतलं की उच्चार सुधारतोच, हे तू गृहीत धरलं आहेस.

आजोबांच्या दाखल्यावरचं, शेवटी ए-वाय असलेलं स्पेलिंग: हे स्कॉटलंडमधल्या एका भागाचं नाव आहे, आणि तिथे त्याचा उच्चार साधारण ‘मरी’ असा होतो. त्याच अक्षरांचा एक समुद्री मासाही आहे, सापासारखा लांबलचक, त्याचा उच्चार मात्र ‘मोरे’च्या जवळ जातो. म्हणजे ग्राहक कुठला, त्यावर तू मोरे की मरी ते ठरणार. दुसरा पर्याय तू ई-वाय लिहिला आहेस. इंग्रजीत शेवटचा ई-वाय बहुतेक वेळा ‘ई’ असाच वाचतात. मनी, हनी, हार्वी आठव. तेव्हा तुझं होईल ‘मोरी’. मराठी घरात मोरी कशाला म्हणतात ते मी सांगायला नको. तुझ्या वडिलांना हे स्पेलिंग दाखवण्याआधी दहादा विचार कर. तिसरा, शेवटच्या ‘ई’वर तिरपी खूण देण्याचा. दिसायला छान, पण पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात. खूण गळून जाईल आणि तू पुन्हा तिथेच येशील.

आणि आता ती गोष्ट, जी सांगायची म्हणून मी हे उत्तर इतक्या उत्साहाने लिहायला घेतलं. इंग्रजीत एक शब्द आहे: एम-ओ-आर-ई-एस. समाजाच्या रूढी, रीतिभाती, असा त्याचा अर्थ. तो लॅटिनमधून आला. त्याचा उच्चार ‘मोर्स’ होत नाही, ‘मोरेझ’ असा होतो. नीट बघ. तुझं आडनाव, अक्षर न अक्षर तेच, आणि उच्चारही जवळपास आपलाच. शिकल्यासवरल्या इंग्रजी बोलणाऱ्याला हा शब्द माहीत असतो. म्हणजे ही चार अक्षरं ‘मोरे’ अशी वाचायची वाट त्यांच्या भाषेत आधीपासून आहे, तू फक्त बोट दाखवायचं. पुढच्या कॉलवर नवा ग्राहक असेल तेव्हा पहिल्या मिनिटाला सांग: ‘माझं आडनाव मोरे, तुमच्या त्या रीतिभातींच्या शब्दासारखं, शेवटचा एस सोडून.’ एकदा सांगितलेलं बहुतेक माणसं विसरत नाहीत. ईमेलच्या खाली सहीत नावाच्या शेजारी उच्चार फोडून लिही: एम-ओ-एच, आडवी रेघ, आर-ए-वाय. हे आता जगभर लोक करतात, त्यात कमीपणा नाही. ‘नो मोर’ म्हणून हसणारे सहकारी मात्र वेगळे. त्यांना उच्चार माहीत आहे. त्यांना एकदाच, हसू न आणता, सांग की हे मला आवडत नाही.

तुझ्या वडिलांबद्दल. त्यांची माया मला समजते. पण ज्या स्पेलिंगला ते वाडवडिलांचं म्हणतात ते वाडवडिलांनी निवडलं होतं का? आजोबांच्या दाखल्यावर वेगळंच आहे. तेही आजोबांनी निवडलं नसणार. बहुधा शाळेतल्या कुणीतरी कानाला लागलं तसं लिहिलं. परंपरेने आलेला आहे तो ‘मोरे’ हा उच्चार, आणि देवनागरीतली ती दोन अक्षरं. रोमन अक्षरं हा त्यावरचा अंगरखा. तो दाखला घेऊन एकदा संध्याकाळी वडिलांशेजारी बस. ‘मला आडनाव टाकायचं नाहीये, बाबा, मला ते नीट ऐकायचं आहे,’ हे वाक्य तू त्यांच्याशी अजून बोलली नाहीस असं पत्रावरून वाटतं.

आपल्या गावाने तर हे सगळं पाहिलंय. गायकवाडांना इंग्रज ‘गायकवार’ म्हणत, त्याआधीच्या कागदांत ‘गुइकोवार’सुद्धा आहे. शेवटचा ‘ड’ त्यांच्या कानाला ‘र’ लागला. वर त्यांनी त्यापुढे ‘द’ लावलं आणि एका आडनावाचं पद करून टाकलं: ‘द गायकवार ऑफ बरोडा’. सयाजीराव महाराज १८७५ ते १९३९ गादीवर होते, आणि १९११ च्या दिल्ली दरबाराच्या इंग्रजी बातम्यांत त्यांचं नाव नाही, हा ‘द गायकवार’च भेटतो. तिकडे ग्वाल्हेरला शिंद्यांचे ‘सिंदिया’ झाले, ते पुढे हिंदीतही रुळले; तिथल्या लष्कर नावाच्या भागातली वस्ती मात्र अजून ‘शिंदे की छावनी’च आहे. आणि बडोदं? १९७४ मध्ये अधिकृत नाव वडोदरा झालं, पण स्टेशनचा कोड आजही बी-आर-सी आहे, १९०८ साली इथे सुरू झालेल्या बँकेच्या नावात बरोडा आहे, आणि दांडिया बाजारात आपण मराठी माणसं अजून बडोदंच म्हणतो. पन्नास वर्षांत जुनं स्पेलिंग गेलं नाही. तुझंही जाणार नाही. दोन्ही बरोबर चालत राहतील, आणि दोघांचा हिशेब तुलाच ठेवावा लागेल.

तो हिशेब काय असतो ते सांगते, म्हणजे निर्णय डोळे उघडे ठेवून होईल. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्रात नोंद. मग आधार, पॅन, बँक, भविष्यनिर्वाह निधी, विमा, मतदार यादी. पदवीच्या कागदांवर बहुतेक वेळा जुनंच नाव राहतं आणि त्यांच्यासोबत राजपत्राची प्रत आयुष्यभर फिरवावी लागते. व्हिसाच्या अर्जांत ‘याआधी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जात होता का’ असा प्रश्न असतो, त्याला दरवेळी ‘हो’ लिहावं लागतं. भावाचं एक स्पेलिंग, तुझं दुसरं. उद्या घराच्या कागदांवर दोघांची नावं आली की ही सख्खी भावंडं हे सिद्ध करायला आणखी एक कागद. हे सगळं अशक्य नाही. माझ्या ओळखीत लोकांनी ते केलंय आणि ते समाधानी आहेत. ज्यांचे कागद आधीच आपापसांत जुळत नाहीत, शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं, त्यांना तर मी सांगेन की पासपोर्टच्या आधी एकच स्पेलिंग ठरवून सगळीकडे करून घ्या. पण तुझे सगळे कागद, तूच लिहिलंयस, एकसारखे आहेत. हे मोठं भाग्य आहे. ते मोडावं इतका मोठा फायदा मला वरच्या तिन्ही स्पेलिंगांत दिसत नाही.

आईचं म्हणणं मी या विचारात धरतच नाही. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि पासपोर्टसाठीही ते सक्तीचं नाही. उद्या तुला बदलावंसं वाटलं तर बदल. पण न ठरलेल्या लग्नावर आजचा पासपोर्ट ठरवू नकोस.

‘हाय मोर’चं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि ते स्पेलिंगने मुळीच बरं होणार नाही. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. तुझ्या कंपनीच्या यादीत ते तसंच्या तसं उतरलंय, असं तुझ्या पत्रातल्या ईमेलच्या नमुन्यावरून दिसतं. परदेशी माणूस पहिला शब्द म्हणजे हाक मारायचं नाव असं धरतो. त्याने तुला आपल्या समजुतीप्रमाणे अगदी प्रेमाने, पहिल्या नावानेच हाक मारली आहे. तुमच्या शेजारच्या दव्यांना विचार. डी-ए-व्ही-ई. त्यांच्या मुलाला ‘हाय डेव्ह’ म्हणून किती ईमेल येत असतील! यावर उपाय दहा मिनिटांचा आहे: कंपनीच्या संगणक विभागाला सांगून दिसणारं नाव उलटं करून घे, आधी नाव, मग आडनाव. वडिलांचं नाव तिथून काढ, नाहीतर कुणीतरी तेच आडनाव समजेल. पासपोर्टच्या अर्जातही आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे असतात. कुठल्या रकान्यात काय जातंय ते स्वतः वाचून बघ, एजंटावर सोडू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्याच्या पासपोर्टात वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं, आणि परदेशात त्याला सगळे वडिलांच्या नावाने हाक मारत होते. त्याचे वडील वारले होते. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज लागत नव्हता.

मॅनेजर मीटिंगमध्ये इंग्रजी बोलता बोलता तुला नुसतं ‘मोरे’ म्हणतो, हे तुला लागतं, असं तू जाता जाता लिहिलं आहेस. ते जाता जाता सोडायचं नाही. मराठीत ‘अहो मोरे, जरा इकडे या’ यात काहीच उणं नाही, कारण आदर ‘अहो’त आहे आणि ‘या’त आहे. आडनाव नुसतं आलं तरी चालतं, उलट बरोबरीचं वाटतं. इंग्रजीत ‘कम’ सगळ्यांना एकच. तिथे नुसतं आडनाव खेळाच्या बातमीत, कोर्टाच्या निकालात, शोधनिबंधात शोभतं. समोरासमोर ते हुकूम दिल्यासारखं वाटतं. तो बहुधा मराठी-गुजराती ऑफिसची सवय इंग्रजीत घेऊन आलाय आणि त्याचा हेतू वाईट नसेल. त्याला पर्याय दे: पहिल्या नावाने हाक मारा, नाहीतर मिझ मोरे म्हणा. बडोद्यातल्या बडोद्यात ‘मोरे मॅडम’ही उत्तम. फक्त ग्राहकाला लिहिताना ‘मॅडम’ आडनावाच्या मागे लावू नका, तिकडे ते समजत नाही.

राहिली पाटी. तुला ती खटकली ते बरोबर आहे. अपॉस्ट्रॉफी आणि एस म्हणजे ‘चा-ची-चे’. भावाने लिहिलंय त्याचा अर्थ होतो ‘मोऱ्याचं’, आणि पुढे काय ते लिहिलेलंच नाही. इंग्रजीत अख्ख्या घराला म्हणायचं असेल तर आडनावाला नुसता एस लावतात, अपॉस्ट्रॉफी नाही. देशपांड्यांनीही तसंच, कुलकर्ण्यांनीही तसंच. शेवटी ‘आय’ हे अक्षर असलेल्या आडनावाचं स्पेलिंगही मोडायचं नाही. ज्यांच्या आडनावाच्या शेवटी आधीच एस आहे, फडणीस, चिटणीस, पोतनीस, त्यांनी ई-एस लावायचं. ‘मोरे फॅमिली’ असं मात्र करू देऊ नकोस, दारात उभा असलेला पाहुणा ते ‘आणखी कुटुंब’ असं वाचेल. ‘द’, आणि पुढे एम-ओ-आर-ई-एस. म्हणजे बरोबर तो रीतिभातींचा शब्द, जो ‘मोरेझ’ असाच वाचला जातो. वर देवनागरीत मोठ्या अक्षरात ‘मोरे’, खाली ही इंग्रजी ओळ, लहान. कुरियरवाल्या मुलांसाठी गुजरातीतही घालायचं असेल तर घाला, शिरोरेघ काढली की झालं. भावाला आजच फोन करायला सांग. कारागिराने ॲक्रिलिक कापायला घेतलं की ती अपॉस्ट्रॉफी परत काढता येत नाही.